ग्राफीन ऑक्साईडने पाण्यातलं युरेनियम काढायचंय? आधी पाणी ओळखा, मग कार्बन

मागच्या हिवाळ्यात निफाडच्या मामेभावाचा फोन आला, "दादा, ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की बोअरच्या पाण्यात युरेनियम आहे आणि म्हणे ग्राफीन टाकलं की निघून जातं, तुमच्या लॅबमध्ये मिळतं का थोडं?" जसं काय तुरटीच मागतोय. (ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पत्रा, त्यावर ऑक्सिजनवाले गट बसले की ते ग्राफीन ऑक्साईड.) त्याला तेव्हा हसून टाळलं खरं, पण एमएस्सीच्या पोरांचा प्रोजेक्ट याच विषयावर चालू होता आणि त्यात आम्ही व्यवस्थित तोंडावर आपटलो होतो, त्यामुळे म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. कॉलेजात प्रोजेक्ट करणारे, पाण्याच्या धंद्यातले आणि नुसतीच उत्सुकता असलेले अशा सगळ्यांसाठी आहे हे. घरी बादलीत करून बघायचा प्रयोग मात्र नाही, ते आत्ताच सांगतो.

आधी पाण्याचा रिपोर्ट

नाशिक बसलंय दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर, आणि बेसॉल्टमध्ये मुळातच युरेनियम कमी असतं, ग्रॅनाईटमध्ये त्याच्या कितीतरी पट जास्त. म्हणून देशात ज्या भागांचं नाव यात घेतलं जातं ते पंजाबचा माळवा, राजस्थान, हरियाणा, कर्नाटक-तेलंगणातला ग्रॅनाईटचा पट्टा असे आहेत. आपल्याकडे निफाड-दिंडोरी-सिन्नरच्या बोअरला नायट्रेट, जडपणा आणि टीडीएस हीच नेहमीची दुखणी. फॉस्फेट खतांमध्ये थोडं युरेनियम असतं हे खरंय, पण तेवढ्यावरून आपली विहीर दूषित ठरत नाही. म्हणजे काय, तर आधी तपासणी.

पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत युरेनियम बहुतेक वेळा नसतंच, ते वेगळं सांगावं लागतं, आणि लॅबकडे आयसीपी-एमएस नाहीतर एलईडी फ्लोरीमीटर (दोन्ही पाण्यातलं मायक्रोग्रॅमभर युरेनियमही मोजणारी यंत्रं) आहे का हे विचारून घ्यायचं. सॅम्पल घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्यायची, म्हणजे पाईपातलं शिळं पाणी निघून जातं. बाटल्या प्लास्टिकच्या आणि दोन. एकीत ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळलेलं पाणी, त्यात शुद्ध नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणायचा, नाहीतर युरेनियम बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. दुसरी बाटली ॲसिड न टाकता गळ्यापर्यंत काठोकाठ भरायची, ती अल्कलिनिटी (म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट), कॅल्शियम, क्लोराईड, फॉस्फेट यांच्यासाठी. पीएच मात्र विहिरीवरच उभं राहून मोजायचा, कारण बाटली गाडीत हलत हलत कॉलेजरोडपर्यंत येते तोवर कार्बन डायऑक्साईड उडालेला असतो आणि पीएच वर चढलेला असतो.

रिपोर्ट कशाशी ताडायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ पासून ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर हा आकडा धरलाय, अमेरिकेची मर्यादाही तीच, आपल्या बीआयएसनेही (भारतीय मानक ब्युरो) ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे तेवढीच धरलीय. अणुऊर्जा नियामक मंडळाचा जुना आकडा ६० चा, त्यामुळे कुठे ३० कुठे ६० दिसलं तर गोंधळू नका. आणि लोक घाबरतात किरणांना, पण पिण्याच्या पाण्यात खरी भीती असते ती जड धातू म्हणून, किडनीला. नैसर्गिक युरेनियमचा एक मिलिग्रॅम म्हणजे साधारण २५ बेकरेल (सेकंदाला किती अणू फुटतात त्याचं माप), म्हणजे ६० मायक्रोग्रॅमवाल्या लिटरभर पाण्यात दीडच बेकरेल होतात.

युरेनियम कुठल्या रूपात आहे, सगळा खेळ तिथे

हा भाग लोक वगळतात, आम्हीही वगळला होता. हवा लागलेल्या पाण्यात युरेनियम असतं युरेनिल आयन म्हणून, त्यावर दोन धन भार. ग्राफीन ऑक्साईडच्या, पुढे मी जीओ म्हणतो, पत्र्यांवर कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाण्यात ऋण भार घेतात, धनाला ऋण ओढतं, काम झालं. पुस्तकात इतकंच असतं आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये पीएच ५ ला ते होतंही झकास.

पण विहिरीचं पाणी डिस्टिल्ड नसतं ना. पीएच साडेसात-आठ, बायकार्बोनेट भरपूर. तिथे कार्बोनेट युरेनिलला गुंडाळून टाकतं आणि त्या गाठोड्यावर ऋण भार येतो. आता जीओ पण ऋण, गाठोडं पण ऋण, दोघं एकमेकांना ढकलतात. त्यात आपलं पाणी जड, कॅल्शियम येऊन त्या गाठोड्याला अजून जोडला जातो, दोन कॅल्शियम जोडले की भार शून्य. मग ते कशालाच धरत नाही, पाण्याबरोबर खुशाल वाहत जातं. फार खाली, पीएच ३ च्या आत गेलात तर उलटं होतं, जीओचे गट हायड्रोजनने भरून जातात आणि युरेनिलला जागाच उरत नाही. म्हणून बहुतेक साध्या कार्बनांसाठी ५ ते ६ हा पीएच बरा पडतो.

तेव्हा पाण्याचा रिपोर्ट हातात आला की युरेनियमच्या आकड्याआधी बायकार्बोनेट आणि कॅल्शियमचे आकडे बघायचे. कार्बन कुठला घ्यायचा ते त्यावर ठरतं.

कार्बन कुठला

घरच्या फिल्टरमधला साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन यात फारसा कामाचा नाही, तो क्लोरीन आणि वासासाठी. नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) जशाच्या तशा घेतल्या तर त्याही नुसत्या तरंगतात, पाण्यात मिसळतसुद्धा नाहीत, त्यांना नायट्रिक ॲसिडमध्ये उकळून पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले गट बसवावे लागतात. जीओवर हे गट आधीपासूनच असतात म्हणून सुरुवातीला जीओच बरा. पाणी पीएच ८ चं आहे आणि ते बदलायचं नाही असं असेल तर अमिडॉक्सिम गट बसवलेला कार्बन बघा, समुद्राच्या पाण्यातून युरेनियम काढायला याच गटाचे धागे वापरतात. समुद्रात युरेनियम लिटरला जेमतेम ३.३ मायक्रोग्रॅम आणि कार्बोनेट भरपूर, तिथे टिकतंय म्हणजे विहिरीत आशा आहे.

जीओ विकत घ्या. पोरांचा हट्ट होता स्वतः बनवायचा म्हणून आम्ही बनवला, २०१० ची सुधारित पद्धत, त्यात सोडियम नायट्रेट नसतं त्यामुळे तो विषारी पिवळसर-तपकिरी धूर नाही. ग्राफाईट ३ ग्रॅम, पोटॅशियम परमँगनेट १८ ग्रॅम, सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक ॲसिड ९ ला १ असं मिळून ४०० मिलिलिटर, ५० अंशाला बारा तास ढवळायचं, मग ते सगळं बर्फावर ओतून त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साईड. परमँगनेट आणि तीव्र सल्फ्युरिक एकत्र आले की जे बनतं ते तापलं तर स्फोट होतो, म्हणून फ्यूम हूड, फेस शिल्ड आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल तर या वाटेला जायचंच नाही. आमच्या लॅबचं बर्फाचं मशीन नेमकं त्या दिवशी बंद, मग एक जण स्कूटीवर जाऊन गंगापूर रोडच्या रसवंतीतून लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून घेऊन आला, रसवाल्याने विचारलं पार्टी आहे का. पेरॉक्साईड पडल्यावर काळपट जांभळा लगदा एकदम हळदीसारखा पिवळाधमक होतो, तो क्षण बघण्यासारखा असतो, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मात्र नुसती हमाली. धुवायचं, आधी १० टक्के हायड्रोक्लोरिकने म्हणजे मँगनीज निघतं, मग पाण्याने. आणि जसजसं ॲसिड जातं तसतसा जीओ फुगून जेली होतो, फिल्टर पेपर चोंदतो, थेंब पडायचा बंद. फिल्टरच्या नादी न लागता सेंट्रिफ्यूज करा नाहीतर डायलिसिसच्या नळीत भरून रोज पाणी बदलत आठवडाभर ठेवा. धुणं अर्धवट राहिलं तर मँगनीज पाण्यात उतरतं, म्हणजे एक काढायला गेलात आणि दुसरं घालून बसलात.

कोरडी पावडर हाताळताना एन-९५ मास्क, आणि शक्यतो ओलाच ठेवा, जीओ काय नॅनोट्यूब काय, छातीत जायला नको. नॅनोट्यूबच्या एका प्रकाराला तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत टाकलंय.

रंगीत तालीम मोरचुदावर

प्रयोगाला युरेनियम म्हणून लागणारं युरेनिल नायट्रेट हे केमिकलच्या दुकानातून पिशवीत घालून आणायचं सामान नाही, ते अणुऊर्जा कायद्याखाली येतं, संस्थेच्या परवानगीने आणि रेडिएशन सेफ्टीवाल्याच्या देखरेखीतच वापरायचं. म्हणून हात बसेपर्यंत तालीम मोरचुदावर (कॉपर सल्फेट) करा. द्राक्षवाल्यांच्या बोर्डो फवारणीमुळे नाशिक जिल्ह्यात मोरचूद कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, पण प्रयोगाला लॅब ग्रेडच घ्या. तांब्याचा आयन पण धन भाराचा, पीएच ५ ला जीओला धरतो, अमोनिया टाकला की गडद निळा होतो त्यामुळे साध्या कलरीमीटरवर मोजता येतो. तांब्यावरचे आकडे युरेनियमला लावायचे नाहीत, फक्त पिपेट, ढवळणं, गाळणं, ब्लँक (तुलनेसाठीची कोरी नळी) यात हात बसवायचा. आमच्या पोरांच्या पहिल्या तीन रीडिंगमध्ये एकाचा दुसऱ्याशी पत्ता नव्हता, ते तालमीत निस्तरलं हे बरं झालं.

खरा प्रयोग

५० मिलिलिटरच्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या घ्या, काच नको, काचेला युरेनियम चिकटतं. प्रत्येक नळीत युरेनियम टाकलेलं ५० मिलिलिटर पाणी, १० मिलिग्रॅम जीओ (वजन करून टाकण्यापेक्षा २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं पाण्यातलं मिश्रण करून त्यातलं ५ मिलिलिटर टाका आणि तितकं पाणी कमी घ्या, चूक कमी होते). पीएच सौम्य ॲसिड-अल्कलीने लावायचा, तासाभराने परत बघायचा कारण तो सरकतो. शेकरवर ठेवायचं आणि ५ मिनिटं, १५, ३०, १ तास, ४ तास, २४ तास असं एकेक नळी काढत जायचं. जीओ सुटा असला की बहुतेक काम पहिल्या तासाभरात होतं.

सोबत तीन ब्लँक हवेतच: एक युरेनियम आहे पण कार्बन नाही, त्यावरून नळीने किती खाल्लं ते कळतं, एक कार्बन आहे पण युरेनियम नाही, आणि एक फक्त फिल्टरमधून काढलेलं युरेनियमचं पाणी, कारण फिल्टरची पापुद्री पण युरेनियम धरते. सिरिंज फिल्टरचे पहिले दोन-तीन मिलिलिटर फेकायचे.

हिशोब सोपा आहे. सुरुवातीला लिटरला १ मिलिग्रॅम होतं, शेवटी ०.२ राहिलं, पाणी ०.०५ लिटर, कार्बन ०.०१ ग्रॅम, तर ०.८ गुणिले ०.०५ भागिले ०.०१, म्हणजे ग्रॅमला ४ मिलिग्रॅम धरलं. हे वेगवेगळ्या सुरुवातीच्या प्रमाणांवर केलं की लँगम्यूरचा वक्र काढता येतो, म्हणजे पाण्यात किती युरेनियम उरलं असताना कार्बन किती धरतो त्याचा आलेख.

आम्ही कुठे आपटलो

सिन्नरकडच्या एका बोअरचं पाणी आणलं, त्यात परवानगीतलं स्टँडर्ड (ठरलेल्या प्रमाणाचं युरेनियमचं द्रावण) टाकून युरेनियम वाढवलं, जीओ टाकला, गाळलं, एलईडी फ्लोरीमीटरवर लावलं, ९० टक्क्यांच्या वर गेलं! पोरं नाचायला लागली. मला मात्र शंका, पीएच ८ आणि इतकं बायकार्बोनेट असताना हे होईल कसं? मग त्याच गाळलेल्या पाण्यात मोजून थोडं युरेनियम परत टाकलं आणि मशीनला दाखवलं, मशीनला तेही दिसेना. तेव्हा ट्यूब पेटली.

फ्लोरीमीटर मोजतो युरेनिलची हिरवी चमक, आणि जीओ हा चमक गिळणारा पदार्थ आहे. बारीक पत्रे ०.४५ च्या फिल्टरमधून निसटले होते, डोळ्याला पाणी स्वच्छ दिसत होतं, पण उजेडात धरल्यावर अगदी किंचित चहाची छटा होती जी आम्ही बघूनही बघितली नव्हती. युरेनियम होतं तिथेच, दिसत नव्हतं. परत सेंट्रिफ्यूज करून, ०.२२ च्या फिल्टरने गाळून मोजलं तर निम्मंही निघालेलं नव्हतं.

म्हणून फ्लोरीमीटरवर नेहमी स्टँडर्ड ॲडिशन करायचंच, म्हणजे सॅम्पलमध्ये ठरलेलं युरेनियम टाकून वाढ पूर्ण दिसते का बघायचं. पायरोफॉस्फेटचं बफर ताजं, पीएच ७ ला लावलेलं. लोह, मँगनीज, क्लोराईडही चमक दाबतात. पाण्यात युरेनियम जास्त असेल, लिटरला मिलिग्रॅममध्ये, तर आर्सेनाझो-३ चा रंग ६५० नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतो, पण ३० मायक्रोग्रॅमच्या पातळीला तो उपयोगाचा नाही. शेवटचे दोन-चार सॅम्पल आयसीपी-एमएसवर पडताळून घ्या, पैसे जातील पण अब्रू राहील.

रिसर्च पेपरातले मोठे आकडे

आता हे वाचा शांतपणे. पेपरात लिहिलेलं असतं ग्रॅमला १०० मिलिग्रॅम, कुठे ३०० च्या जवळ. लोक लगेच गुणाकार करतात, १ ग्रॅममध्ये हजारो लिटर पाणी साफ! पण ती कमाल क्षमता असते, युरेनियमने ठासून भरलेल्या पाण्यातली. पिण्याच्या पाण्यात युरेनियम चिमूटभर, तिथे कार्बन भरतच नाही.

उदाहरण करून बघू. समजा कमाल १०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आणि लँगम्यूरचा स्थिरांक ०.१ लिटर प्रति मिलिग्रॅम. पाण्यात शेवटी ३० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०३ मिलिग्रॅम उरवायचंय. स्थिरांक गुणिले उरलेलं म्हणजे ०.००३, मग १०० गुणिले ०.००३ भागिले (१ अधिक ०.००३), म्हणजे ग्रॅमला ०.३ मिलिग्रॅम. शंभर नाही, ०.३! घरात पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर, लिटरला ८० मायक्रोग्रॅमवरून ३० वर आणायचं, म्हणजे १ मिलिग्रॅम काढायचं, त्याला रोज ३.३ ग्रॅम जीओ. त्यापेक्षा कॉलम (कार्बन भरलेली उभी नळी, जिच्यातून पाणी वाहतं) बरा, कारण कॉलममधला कार्बन येणाऱ्या ८० च्या पाण्याशी तोल साधतो, तिथे ग्रॅमला ०.८ पडतं, रोजचे १.६ मिलिग्रॅम सगळेच्या सगळे धरायला २ ग्रॅम पुरतात आणि बाहेर पाणी जवळजवळ कोरं येतं. तरीपण रोज २ ग्रॅम जीओ, किंमत विचारून बघा एकदा. म्हणून कुणी कार्बनचं कौतुक सांगायला आलं तर कमाल क्षमता विचारू नका, ३० मायक्रोग्रॅमला किती धरतो आणि बायकार्बोनेट किती होतं ते विचारा.

कॉलम बांधायचा तर

सुटा जीओ कॉलममध्ये भरता येत नाही, वाहून जातो नाहीतर चोंदतो. सोडियम अल्जिनेटच्या २ टक्के द्रावणात जीओ नीट मिसळा आणि सुई काढलेल्या सिरिंजने कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणात थेंब थेंब सोडा, साबुदाण्यासारखे काळे मणी तयार होतात. रात्रभर ठेवा, धुवा, भरा. मण्यात युरेनियम हळू शिरतं, मिनिटांऐवजी तास लागतात, त्यामुळे पाणी अगदी सावकाश सोडायचं. एक खोच आहे, मण्यातला कॅल्शियम थोडा थोडा सुटतो आणि कार्बोनेटवाल्या पाण्यात तोच कॅल्शियम युरेनियमला मोकळं करायला मदत करतो, म्हणजे घरचाच भेदी. दुसरा उपाय म्हणजे जीओवर चुंबकीय लोह-ऑक्साईड बसवणं, ढवळून झालं की बाहेरून चुंबक लावून काढून घ्यायचं, छोट्या कामाला हे छान.

कार्बोनेटचा काटा काढायचा तर पाण्याला आधी ॲसिड देऊन पीएच साडेपाचवर आणा आणि फिशटँकच्या पंपाने हवा सोडा म्हणजे कार्बन डायऑक्साईड उडून जातो. बायकार्बोनेट ३०० मिलिग्रॅम असेल तर लिटरला १ मोलर ॲसिड साधारण ५ मिलिलिटर लागतं. कॉलममधून काढल्यावर संगमरवराच्या खड्यांतून पाणी सोडून पीएच परत वर घ्या. लॅबमध्ये ठीक, पण निफाडच्या मळ्यात रोज हे कोण करणार?

कार्बन परत वापरायचा तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक किंवा सोडियम कार्बोनेटने युरेनियम सुटतं, जे कार्बोनेट आपल्याला छळत होतं तेच इथे कामाला येतं. मण्यांना मात्र कार्बोनेट देऊ नका, विरघळून जातात. दर फेरीला क्षमता थोडी घटते, चार-पाच फेऱ्यांचे आकडे नोंदवा.

भावाला काय सांगितलं

त्याला सांगितलं आधी तपास. रिपोर्ट आला, युरेनियम मर्यादेच्या खूप खाली, नायट्रेट मात्र वर. म्हणजे ग्राफीनचा प्रश्नच मिटला, नायट्रेटसाठी आरओ बसवला त्याने. आणि खरंच युरेनियम जास्त निघालं असतं तरी मी आरओच सांगितला असता, तो युरेनियम ९० टक्क्यांच्या वर काढतो, किंवा गावपातळीवर ॲनायन एक्सचेंज रेझिन, कारण युरेनियमचं कार्बोनेटवालं गाठोडं ऋण भाराचं असतं आणि रेझिनला तेच हवं असतं. पाणी उकळू नका त्यासाठी, उकळून पाणी उडतं, युरेनियम तिथेच राहतं, उलट घट्ट होतं. आरओचं वाया जाणारं पाणी पिण्याकडे वळवू नका.

प्रोजेक्टवाल्यांसाठी शेवटची गोष्ट, वापरलेला कार्बन, मणी, गाळण, हातमोजे, धुण्याचं पाणी यातलं काहीही बेसिनमध्ये नाही, नाल्यात नाही, आपला प्रत्येक नाला शेवटी गोदावरीलाच जातो. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात वेगळं, वर तारीख, अंदाजे किती मिलिग्रॅम युरेनियम आणि कुणी भरलं ते नाव, आणि डबा संस्थेच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या ताब्यात, सही घेऊन. आमच्याकडे पहिल्या डब्यावर पोरांनी नुसतं "वेस्ट" लिहून ठेवलं होतं, त्यात तांब्याचं आहे की युरेनियमचं हे ओळखण्यात पुढचा सगळा शनिवार गेला.